‘तीर्थयात्रा की वाइन टूर?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बोस्नियातल्या मेजुगोरिये या मारियामातेच्या तीर्थस्थानी सप्टेंबरमध्ये गेलेल्या आमच्या ग्रुपबद्दल दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘वसईहून आईला तीर्थयात्रेला नेलं, तर यांनी दारूच्या तळघरात बसवलं. त्यापायी रोझरी चुकली. दगडांवर चढवून गुडघ्यांची वाट लावली ती वेगळीच.’ ग्रुपसोबत गेलेल्या आमच्या मुलाशी बोलल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आमच्यामुळेच चुकली. तिथे सप्टेंबर लागला की संध्याकाळची प्रार्थना सहाऐवजी पाचला सुरू होते. आमच्या छापील कार्यक्रमात उन्हाळ्याचीच वेळ राहून गेली होती. तुम्ही पोचलात तोवर निम्मी रोझरी आटोपली होती. आई एवढ्या लांब ज्यासाठी आल्या, तेच हुकलं. मनापासून माफी मागतो.

गुडघ्यांचंही तुमचं बरोबर आहे. दर्शनाची जागा मानली जाणारी पोडब्रडोची टेकडी फोटोत लहान दिसते, पण वाट म्हणजे नुसते चुनखडीचे दगड. काही टोकदार, काही लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पायथ्याशी निळा क्रूस आहे. ज्यांना चढवत नाही ते तिथेच बसून प्रार्थना करतात. आईंना तिथे बसवायला हवं होतं. ‘सगळे जाताहेत, चला हळूहळू’ असं आमचा मुलगा म्हणाला, ते म्हणायला नको होतं.

वाइनबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. २४ जून १९८१ला सहा मुलांनी मारियामातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं. त्याआधी हे हर्जेगोविनातलं साधं शेतकऱ्यांचं गाव होतं, तंबाखू आणि द्राक्षांवर जगणारं. क्रिझेवाच डोंगरावरचा काँक्रीटचा क्रूस १९३३-३४ साली याच लोकांनी सामान डोंगरावर वाहून नेऊन उभारला. त्यांचा द्राक्षमळा न बघता नुसतं चर्च बघून परतायचं, हे मला अर्धवट वाटतं. तिथल्या काळ्या ब्लातिना द्राक्षाच्या फुलाला स्वतःचा उपयोगी पराग नसतो, शेजारी दुसऱ्या जातीची वेल लावावीच लागते. फुलोऱ्यात पाऊस लागला की पीक गेलं. म्हणून तिचं जुनं नाव ‘रिकामं पिंप’! पावसाच्या लहरीवर पोट असणाऱ्यांची ही थट्टा आपल्या वाडीवाल्यांनाही कळेल. पांढऱ्या झिलावकाचा मणी उजेडात धरला की आत शिरा दिसतात. मुलगा सांगत होता, आईंनी तो चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला. ग्लास कोणाच्याही हातात जबरदस्तीने दिला नव्हता, तुम्हा दोघींना रसच दिला होता.

‘गाइडची श्रद्धाच नाही’ असंही तुम्ही लिहिलंत. रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, १९ सप्टेंबर २०२४ला तिथल्या भक्तीला हरकत नसल्याचं जाहीर केलं, पण दर्शनं अलौकिक आहेत असं म्हटलेलं नाही. गाइड तेवढंच बोलला. त्यापुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

तळघराच्या भेटीचे दोघींचे पैसे या आठवड्यात परत करतो. पुढच्या ग्रुपपासून ती भेट सकाळी ठेवली आहे, आणि नको असेल त्याने चर्चजवळच थांबावं. प्रार्थनेचा अनुवाद ऐकायला आईंनी आणलेला छोटा रेडिओ बसमध्ये राहिला होता. तो आमच्या ऑफिसात आहे, रविवारच्या मिस्सेनंतर मुलगा घरी आणून देईल.