बेरीज 100 च्या पुढं गेली म्हणून काय झालं?

मालक, कुठली वस्तू किती टक्के घरांत होती, या माझ्या तक्त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘टीव्ही 47.2, फोन 63.2, सायकल 44.8... सगळं मिळून 200 च्या वर! बँकेत असा ताळेबंद दिला असता तर मला घरी बसवलं असतं. बेरजेनं भागा आणि 100 वर आणा,’ असं तुम्ही लिहिलंय. ताळेबंद जुळायलाच हवा, मान्य. पण हा ताळेबंद नव्हेच.

ते आकडे 2011 च्या जनगणनेतले, देशभरातल्या घरांचे. ज्या घरात टीव्ही आहे, फोन आहे आणि दारात सायकलही आहे, ते घर तिन्ही रकान्यांत मोजलं जातं. आपल्या गावातलं बघा. समजा, सोलापूरच्या दाजी पेठेत 10 घरांत विचारलं, ‘घरात कोणकोणत्या भाषा चालतात?’ दहाही घरांनी मराठी सांगितली, 6 घरांनी तेलुगू, 4 घरांनी कन्नड. (हिंदी धरलीच नाही, नाहीतर तुम्ही आणखी चिडाल.) टक्के झाले 100, 60, 40. कुणी खोटं बोललं का? तुमच्यासारखं भागलं तर मराठी 50 वर येते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘निम्म्या घरांतून मराठी गेली’ म्हणून बोंब मारतो.

टीव्हीचंही तेच. रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, सायकल, दुचाकी, मोटार यांची बेरीज 210.3. तिनं भागलं की टीव्ही उरतो 22.4. हा वाटा घरांचा नाही, यादीवर पडलेल्या खुणांचा आहे. यादीत फ्रिजचा रकाना घातला असता, तर एकाही घरातला टीव्ही न हलता तो आणखी घसरला असता.

उलट, 100 च्या वर गेलेल्या बेरजेतच माहिती आहे. टीव्ही आणि फोन मिळून 110.4, म्हणजे किमान 10.4 टक्के घरांत दोन्ही असणारच. शिवाय, 17.8 टक्के घरांत यादीतलं काहीच नव्हतं. तेवढी घरं बाजूला काढली की उरतात 82.2, आणि तो किमान आकडा 28.2 वर जातो. हे कुठल्या तक्त्यात छापलेलं नाही, नुसत्या वजाबाकीनं हाती लागतं.

दुसरी बाजूही सांगतो. टीव्ही 47.2 आणि दुचाकी 21.0, म्हणून ‘68.2 टक्के घरांत दोन्हींपैकी एक तरी’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दोन्ही किती घरांत आहेत हे कळेपर्यंत खरा आकडा 47.2 ते 68.2 यांच्यात कुठंही असू शकतो.

गोल चार्ट का काढला नाही, तेही यातच आलं: त्यातले तुकडे मिळून 100च व्हावे लागतात. मातृभाषेचा तक्ता मात्र वेगळा, तिथं माणशी एकच उत्तर. तिथं बेरीज 100 आली नाही, तर जरूर माझी मानगूट धरा.