जहाजावरचं उष्टं आणि '12 मैलांपुढे कायदाच नाही' वाला फॉरवर्ड

सध्या सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय, खलाशी जहाजाच्या मागून ड्रमभर उरलेलं अन्न समुद्रात ओततोय आणि खाली लिहिलंय की किनाऱ्यापासून 12 मैलांपुढे कुणाचाच कायदा चालत नाही, पकडणारंही कोणी नाही, नाहीतर हेच अन्न बंदरात उतरवून मस्त खत झालं असतं. त्यावर कुणीतरी हमखास म्हणतंच, जाऊ द्या हो, माशांचं पोट भरतंय. मी जहाजावरच काम करतो, म्हणून लिहितोय.

आधी कायदा. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबद्दल मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं कचऱ्याबद्दलचं पाचवं परिशिष्ट 31 डिसेंबर 1988 पासून लागू आहे आणि 2013 पासून तर सरळ बंदी हाच नियम, अन्न वगैरे मोजक्या गोष्टींनाच सूट. जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा भर समुद्रातही लागू असतो. 12 मैलांचा आकडा खोटा नाही, पण तिथे कायदा संपत नाही, तिथून पुढे अन्न न दळता टाकता येतं एवढंच. ग्राइंडरमधून काढलं, म्हणजे 25 मिलिमीटरच्या जाळीतून पडेल इतकं बारीक, तर 3 मैलांपासून चालतं. हे सागरी मैल बरं का, 12 म्हणजे साधारण 22 किलोमीटर. शिवाय जहाज चालू हवं. मुंबईबाहेर नांगर टाकून बर्थची, म्हणजे धक्क्यावरच्या जागेची, वाट बघत बसलो की गॅलीतली (जहाजाच्या स्वयंपाकघरातली) एक बादलीसुद्धा ओतायची नाही, मग सगळं झाकणाच्या ड्रममध्ये, आणि मे महिन्यात त्या ड्रमचा वास, विचारूच नका.

आणि हे झालं साध्या समुद्राचं. गल्फला जाणाऱ्या कुणालाही विचारा, ओमानच्या रास अल हद्दची लाइन ओलांडली की स्पेशल एरिया, म्हणजे जास्त कडक नियमांचा भाग, तिथे दळलेलंच टाकायचं आणि तेही 12 मैलांबाहेर. 1 जानेवारी 2025 पासून तांबड्या समुद्रातही तेच.

पकडणारं कोणी नाही? प्रत्येक वेळी गार्बेज रेकॉर्ड बुकात तारीख, वेळ, पोझिशन, किती घनमीटर हे लिहून ऑफिसरची सही लागते. आधी हे 400 टनांवरच्या जहाजांना होतं, मे 2024 पासून 100 टनांवर आलंय. बंदरात इन्स्पेक्टर चढला की हे बुक मागतोच. खोटं लिहिता येतं, लिहिणारे आहेतही, पण अमेरिकेत खोट्या नोंदीवरच खटला भरतात आणि माहिती देणाऱ्याला दंडातला निम्म्यापर्यंत वाटा मिळू शकतो, त्यामुळे जहाजावरचाच कुणी फोटो काढून ठेवत नसेल याची खात्री कोण देणार!

आता माशांचं पोट. भात, डाळ, भाजी कुजते म्हणून तर सूट आहे. खरी भानगड त्यात काय मिसळलंय याची. सफरचंदावरचा स्टिकर, केचपची पुडी, दह्याच्या कपाचं झाकण, एवढंसं काही सापडलं तरी तो सगळा लॉट प्लॅस्टिकमध्ये धरतात, आणि प्लॅस्टिक जगात कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही. म्हणून मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा-आवरणारा, ताटं खरवडताना त्या पुड्या वेचत बसतो. पापड तळलेलं तेलही कुठेच नाही. 2019 मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीला अमेरिकेत 2 कोटी डॉलर भरावे लागले, त्यातला एक मुद्दा हाच होता, बहामाच्या पाण्यात अन्नाबरोबर प्लॅस्टिक गेलं. म्हणजे चोऱ्या होतात, ते मी नाकारतच नाहीये.

आणि खताचं म्हणाल तर ते वाटतं तितकं सोपं नाही. परदेशातून आलेल्या जहाजाचं उष्टं बऱ्याच देशांत साध्या कचरागाडीत टाकताच येत नाही, सीलबंद नेऊन जाळतात नाहीतर निर्जंतुक करतात. 2007 मध्ये जॉर्जिया या देशात डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग आला, तो तिथल्या पोटी नावाच्या बंदरात उतरवलेलं जहाजावरचं अन्न डुकरांना घातल्यामुळे आला असावा असं मानतात. तिथून तो रशिया, युरोप करत 2018 ला चीनमध्ये पोचला. एका उकिरड्यावरून!

त्यामुळे तो व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी तीन गोष्टी बघा: मागे किनारा दिसतोय का, जहाजामागे पाणी न फेसाळता जहाज उभंच आहे का, आणि ड्रममधून काही रंगीत चकचकीत पडतंय का. यातलं काही दिसलं तर बिनधास्त तक्रार करा, जहाजाचं नाव बहुतेक मागच्या बाजूलाच लिहिलेलं सापडेल.