हातमोजे घातले की झालं, असं नसतं

बांधकामावरच्या अपघातांबद्दल एक संदेश सगळीकडे फिरतोय: "साइटवर हाताला लागतं ते कामगाराच्या हलगर्जीपणामुळे. हातमोजे घाला, लक्ष देऊन काम करा आणि किरकोळ जखमांचा बाऊ करू नका." यातल्या एकेका सल्ल्यापायी माणसाचं बोट जाऊ शकतं.

आधी हलगर्जीपणाचं बघू. ग्राइंडरचं, म्हणजे फिरत्या चकतीने कापायच्या मशीनचं, गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) अनेकदा काढलं जातं ते लहान मशीनला मोठी चकती बसवायला. मोठं मशीन मागितलं तरी मिळत नाही आणि स्लॅब उद्याच भरायचा असतो. 100 मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. मोठी चकती एवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसते, ती फुटते. मग दोष कुणाचा? ज्याच्या हातात मशीन होतं त्याचा?

हातमोज्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. सळया, पत्रे उचलताना मोजे हवेतच. बायंडिंग वायरची, म्हणजे सळया बांधायच्या तारेची, टोकं सुईसारखी शिरतात. पण फिरत्या ड्रिलजवळ तेच मोजे घातक. सुताचा एक धागा बिटला (ड्रिलच्या फिरत्या पात्याला) गुंडाळला की मोज्यासकट बोट ओढलं जातं. ओल्या सिमेंटच्या कामात सुती मोजे तर नकोच नको. ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13, म्हणजे कातडी जाळणारा. भिजलेलं कापड ते तासन्‌तास हाताला चिकटवून ठेवतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणी हात धूत नाही. संध्याकाळी मोजे काढले की भाजलेली कातडी दिसते. तिथे पाणी आत न जाऊ देणारे लांब मोजेच लागतात. आणि क्रेनवरून उतरणारा बीम टेकताना खाली बोट सापडलं तर कुठलाच मोजा वाचवत नाही. बीमला दोरी बांधून तो लांबून वळवायचा, हात लावायचाच नाही.

राहिली "किरकोळ जखम". एअरलेस स्प्रे गनमधून, म्हणजे प्रचंड दाबाने रंग फवारणाऱ्या मशीनमधून, रंगाची धार बोटात शिरली तर वर टाचणीएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही. आत मात्र रंग आणि थिनर पसरत जातात. लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावं लागू शकतं. दवाखान्यात "रंग प्रेशरने आत गेलाय" हे स्पष्ट सांगा, नाहीतर नुसती पट्टी बांधून घरी पाठवतील.

बोट तुटलंच, तर जखम दाबून धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. बोट थेट बर्फावर ठेवू नका. गोठून पेशी मेल्या की ते जोडता येत नाही.