‘आता विमानात एकच पायलट’ : त्या मेसेजबद्दल थोडं

सांगलीतल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘युरोपने परवानगी दिली, यापुढे प्रवासी विमानात एकच पायलट!’ विश्रामबागेतल्या एका काकांनी तर कोल्हापूर-मुंबईचं तिकीट रद्द करायची भाषा सुरू केली. काका, जरा थांबा.

परवानगी दिलेली नाही, झालंय ते उलटंच. लांबच्या प्रवासात विमान वर स्थिरावल्यावर एका पायलटने विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्याने एकट्याने सांभाळावं, हे जमेल का, याचा अभ्यास युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने, म्हणजे ‘ईआसा’ने करून घेतला. २०२५ मध्ये निष्कर्ष आला : आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता एकट्याच्या भरवशावर सिद्ध होत नाही. एकट्याला डुलकी लागली किंवा भोवळ आली, तर ते ओळखणार कोण? एकाची चूक दुसऱ्याने पकडायची सोयही जाते.

एकट्या पायलटवर चालणारी छोटी विमानं असतात, नाही असं नाही. पण एटीआरसारख्या पंख्यांच्या प्रवासी विमानाला किमान दोन पायलट लागतातच.

आणि मेसेजमधला कॉकपिटमधल्या रिकाम्या उजव्या खुर्चीचा, म्हणजे सहपायलटच्या जागेचा, फोटो मोठा करून बघा. काचेबाहेर टर्मिनल दिसतंय. विमान उभंच आहे.