जाहिराती कापू नकोस

धाकट्या भावाचा डोंबिवलीहून फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते आणि मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. माळा आवरताना त्याला बाबांच्या व्हीएचएस कॅसेटी सापडल्या होत्या. नऊ होत्या, त्यातल्या दोन बुरशीनं गेलेल्या. स्टेशनजवळ एका दुकानात त्या पेन ड्राइव्हवर उतरवून मिळतात म्हणे. "दादा, तो म्हणतो थोडे जास्त दिले तर मधल्या जाहिराती काढून नुसती गाणी ठेवतो. क्लीन करून. सांगू ना त्याला?"

"जाहिराती कापू नकोस," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "अरे, जाहिराती कोण बघतं?"

मी बघतो. म्हणजे आधी नव्हतो बघत. ही सवय मला शेजारच्या आजींनी लावली.

आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो. शेजारी सत्तरी उलटलेल्या एक अमेरिकन बाई एकट्याच असतात. त्यांच्याकडे 'लाइव्ह एड'ची कॅसेट आहे. 13 जुलै 1985. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसे उभे करायला लंडनच्या वेम्ब्लीत आणि इथल्या जेएफके स्टेडियममध्ये एकाच दिवशी झालेली ती महामैफल. फिल कॉलिन्स लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्ड विमानानं अटलांटिक ओलांडून इथे येऊन पुन्हा गायला, तीच. बाई त्या दिवशी स्वतः जेएफकेमध्ये होत्या, उन्हात, नव्वदेक हजारांच्या गर्दीत. घरी व्हीसीआरला टायमर लावून गेल्या होत्या. त्यामुळे टेप संपेपर्यंत एमटीव्हीनं जे जे दाखवलं ते ते सगळं, कुणी हात न लावता, टेपवर उतरलं.

त्या प्रक्षेपणावरून एमटीव्हीनं तेव्हा भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. गाणं ऐन रंगात असताना तोडून जाहिराती. ब्रिटनमध्ये बीबीसीवर मात्र एकही जाहिरात नाही. 2004 मध्ये डीव्हीडीचा अधिकृत संच निघाला, तोही अर्थात जाहिरातींशिवाय. बाईंकडे तोही आहे, पण लावतात त्या ही घासलेली कॅसेट. "गाणी मला तिथलीच आठवतात," त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशी उरलेला देश काय बघत होता, ते फक्त यात आहे."

पेप्सी, कोडॅक, शेवरोले, एटी अँड टी. हे त्या कार्यक्रमाचे अमेरिकेतले चार मोठे प्रायोजक. उपाशी माणसांसाठी गाणी आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोल्ड्रिंक, हे आज बघताना खुर्चीत चुळबुळ होते. तेव्हा फारशी कुणाची झाली नसावी. ते स्टेडियम 1992 मध्ये पाडलं. कोडॅकनं 2012 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. माझं लक्ष मात्र टेलिफोनवाल्यांवर अडकलं. मी 1998 मध्ये इथे आलो तेव्हा फोनकार्डावरचे आकडे खरवडून, मिनिटं मोजत आईशी बोलायचो. शेवटचं मिनिट सुरू झाल्याचं एक बाई मध्येच सांगायची आणि तेवढ्यात आईला हमखास काहीतरी महत्त्वाचं आठवायचं. टेलिफोन कंपनीची ती नावाची पट्टी दिसली आणि कुठल्याही गाण्यानं आलं नसतं इतकं पाणी डोळ्यांत आलं. बाईंना वाटलं मला गाणं आवडलं.

तर डोंबिवली.

आमच्या घरच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी 'दूरदर्शनचे दिवस' हा विषय निघतो. कुणीतरी ते फिरत फिरत येणारं चिन्ह टाकतं, कुणी 'आमची माती आमची माणसं'ची आठवण काढतं, आणि मग सुरू. तेव्हा एकच चॅनल होतं पण दर्जा होता, सगळं घर एकत्र बसायचं, आताच्या मालिकांमध्ये नुसत्या साड्या आणि कारस्थानं. इतकी वर्षं या गजरात मीही टाळ वाजवले. परदेशातल्या माणसाला हे फार सोपं असतं. आपण निघालो त्या दिवशी गाव जसं होतं तसंच फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं आपल्याजवळ राहतं, आणि तिथे राहणाऱ्यांनी मात्र ते नासवलं असं वाटत राहतं.

2025 मध्ये याच गप्पांना धार आली. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करायचं ठरवलं, जूनमध्ये शब्द बदलून पुन्हा आदेश काढला, आणि विरोध इतका झाला की 29 जूनला दोन्ही आदेश मागे घेतले. आमच्या ग्रुपवर त्या काळात दोन तट. एका काकांचं म्हणणं, आमच्या लहानपणी मुंबई दूरदर्शन म्हणजे शुद्ध मराठी वातावरण, ते कुणी घालवलं? चुलतभावाचं म्हणणं, हिंदी आली तर बिघडलं काय, आपल्याला येतेच की.

लादायला माझाही विरोधच होता आणि आहे. पहिलीतल्या पोराच्या पाठीवर तिसरी भाषा कशाला? पण भावानं पाठवलेली पहिली फाइल लावली आणि वाटलं, दोन्ही तटांनी हे वीस मिनिटं बघावं. लेबलावर बाबांच्या अक्षरात 'दू. द. मैफल 1990'. सुगम संगीत. पेटी, तबला, मागे थर्माकोलची कमान, निवेदिकेच्या केसांत अबोली. मराठी इतकं स्वच्छ की आज ऐकून दचकायला होतं. आणि एक गाणं संपताच थेट हिंदी. निरमा, विको, सर्फची ललिताजी, सगळ्या हिंदीतून बोलतात. काकांचं शुद्ध मराठी वातावरण दर दहा मिनिटांनी हिंदीतून साबण विकत होतं. आणि चुलतभावाला जी हिंदी 'येते', ती त्याला शाळेनं कमी आणि याच साबणांनी जास्त शिकवली. आदेश न काढता भाषा अशी घरात शिरते. ती थोपवायची की नाही यावर भांडू, पण ती कुठून आली हे तरी माहीत असावं.

जाहिराती खोटं बोलतात, मान्य. पण साबणाबद्दल. आपण कुणाशी बोलतोय, त्याच्या खिशात किती आहेत आणि त्याला कशाची भीती आहे, याबद्दल जाहिरात खोटं बोलत नाही, ते तिला परवडतच नाही. ललिताजी पुढे आली ती स्वस्त निरमानं सर्फचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून. ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस करते, पैसे मोजून घेते, आणि मग महाग पावडर का घ्यायची ते पटवून देते. कविता चौधरींनी ती भूमिका अशी केली की आमच्या चाळीतल्या दोन बायका तिच्यासारखा पदर खोचायला लागल्या होत्या. विकोच्या 'नहीं कॉस्मेटिक'मागे तर चक्क कराचं भांडण आहे. हळदीची ती क्रीम औषध धरायची की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी कंपनीचा वर्षानुवर्षं खटला चालला. आम्ही पोरं ते गाणं म्हणून नाचायचो.

आणि 'हमारा बजाज'. ही जाहिरात 1989 ची. ग्रुपवर कुणीतरी हिची लिंक टाकली की खाली रांगेनं हात जोडलेले. मी तिथे लिहिलं नाही ते इथे लिहितो. बाबांनी चेतकचा नंबर लावला तो 1978 मध्ये. आठ वर्षं तो लागला नाही. शेवटी दुबईच्या मामानं परकीय चलनात पैसे भरले आणि स्कूटर काही महिन्यांत दारात उभी राहिली, कारण डॉलर देणाऱ्यांची रांग वेगळी होती. बाबांनी तिला हार घातला, पेढे वाटले. रात्री आईला म्हणाले, "आपल्या पैशाला आपल्याच देशात नंबर नाही." मी तेव्हा चौदा वर्षांचा. मी इथे का आलो असं विचारलं की मी नोकरी, पगार, प्रोजेक्ट असं सांगतो. पण त्या वाक्याचाही त्यात वाटा आहे.

म्हणून नुसती गाणी नकोत. नुसती गाणी ठेवली की 1990 साल म्हणजे अबोलीचा गजरा एवढंच उरतं.

माझी वहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, एकदा ग्रुपवर म्हणाली होती, "सगळं घर एकत्र बसायचं म्हणता, तेव्हा पोळ्या कोण करत होतं?" सगळ्यांनी हसण्याचे चेहरे टाकले आणि विषय बदलला. मी आईला फोनवर विचारलं. आई ब्याऐंशीची आहे. म्हणाली, "गाणं काय, स्वयंपाकघरातून ऐकू येतं. जाहिरात बघावी लागते." म्हणजे ती गाण्यांना आत असायची आणि जाहिरात लागली की ओले हात पदराला पुसत दाराच्या चौकटीत येऊन उभी राहायची. आमची मैफल ती तिची मधली सुट्टी, आणि उलट. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

इथल्या लोकांना हसायला जावं तर तीच गत. जुन्या दिवसांच्या नावानं इथेही मतं मागतात आणि मिळतात. आणि आपलं मंडळ? आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये प्रायोजकांची नावं वाचतात. तेवढ्यात सगळे चहाला उठतात. मी सत्तावीस वर्षं ती नावं ऐकतोय. सुरुवातीला फोनकार्डवाले आणि व्हिसाचे वकील होते. मग घरं विकणारे आणि कर्ज देणारे आले. मग पोरांच्या सॅटचे क्लासवाले, मग पुण्यातल्या फ्लॅटचे बिल्डर, थेट तिकडून ब्रोशर घेऊन. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा मृत्युपत्र करून देणारे वकील व्यासपीठावर आले आणि त्यांच्या पाठोपाठ गायिकेनं भैरवी सुरू केली. मुद्दाम केलं नव्हतं कुणी. इथल्या मराठी माणसाचा इतिहास कधी कुणी लिहिला तर गाण्यांची यादी त्याच्या उपयोगाची नाही, ती दर वर्षी तीच असते. प्रायोजकांची यादी बघावी. आमचा व्हिडिओवाला पोरगा मात्र तेवढाच भाग कापून फाइल पाठवतो.

भावानं शेवटी न कापलेल्या फाइली पाठवल्या. बघितल्यावर लक्षात आलं, कापायला फारसं नव्हतंच. कापायचं काम बाबांनी तेव्हाच केलं होतं. कोरी कॅसेट महाग, म्हणून जाहिरात लागली की ते पॉज दाबायचे. व्हीसीआरच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे, एक बोट बटणावर. सबंध जाहिराती राहिल्यात त्या दोनच ठिकाणी. एकदा बहुधा दारावर कुणी आलं असावं, एकदा त्यांना डुलकी लागली असावी. निरमा, विको, ललिताजीची रांग त्या दारावरच्या वेळची, बजाज त्या डुलकीतली.

बाकी प्रत्येक गाण्याच्या शेवटी चित्र एक हिसका देतं. हिसक्याच्या आधी अर्धा सेकंद पुढच्या जाहिरातीची सुरुवात दिसते. बाबांचं बोट पोचेपर्यंतची. दुकानदार क्लीन करणार होता ते हे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला ती फाइल दाखवली. स्क्रीन शेअर करताना नेहमीची दहा मिनिटं गेली. पहिलं गाणं संपलं, पांढरं काहीतरी चमकलं, हिसका. आई म्हणाली, "निरमा." दुसऱ्याच्या शेवटी एक दात घासायचा ब्रश, हिसका. "विको." तिसऱ्याला नुसता एक हात दिसला, बांगडीचा. मी थांबवून मागे घेतलं, पुन्हा लावलं. आई चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ आली, इतकी की मला तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

"थांब," ती म्हणाली, "सांगते. पुन्हा लाव."