धरण रिकामं ठेवायचं की भरायचं?

काल कट्ट्यावर विषय निघाला पूर अडवायला बांधलेल्या छोट्या मातीच्या धरणाचा. एकजण तावातावाने म्हणाला, "एवढा भराव घातला, आणि भर पावसाळ्यात आत पाणी नाही! साठवा की, उन्हाळ्यात कामाला येईल."

धरणांवर आयुष्य काढलेला आमचा मित्र उसळलाच. "ते भरून ठेवलंस तर पूर आल्यावर पाणी कुठे थांबवशील? तळाची मोरी उघडी ठेवतात ती मुद्दाम. ओढ्याचं रोजचं पाणी निघून जातं. लोंढा आला की मोरीत मावेल तेवढंच पुढे जातं, बाकीचं मागे तुंबतं आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश उतरतं. ती रिकामी जागा हेच त्या धरणाचं काम."

"मग सांडव्यात वाळूची पोती टाका, दोन फूट तरी वाढेल."

यावर मात्र तो चिडला, आणि मला त्याचं शंभर टक्के पटलं. सांडवा म्हणजे जादा पाणी सुरक्षित बाहेर सोडणारी वाट; ती अडवली की पाणी माथ्यावरून जाणार. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की उताराची माती धुपत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरणाचं तेच झालं. पूर सांडव्याच्या आवाक्याबाहेर गेला, पाणी मातीच्या भरावावरून गेलं, आणि खालचं मोरबी वाहून गेलं. सांडव्याची वाट अडवायची भाषासुद्धा नको.

तिसऱ्याने सुचवलं, भरावावर झाडं लावू, मुळं माती धरून ठेवतील. मलाही आधी तसंच वाटायचं. पण झाड मेलं की मूळ कुजतं आणि भरावात पोकळ नळी उरते; पाण्याला आयती वाट. म्हणून तिथे फक्त गवत. घुशींच्या बिळांचंही तेच. पायथ्याशी थोडं नितळ पाणी पाझरणं चालतं, पण गढूळ येऊ लागलं तर आतली माती वाहतेय असं समजायचं आणि लगेच कळवायचं, सकाळची वाट बघायची नाही.

धरण झालं म्हणून खाली ओढ्याच्या काठाला घरं सरकायला लागली आहेत, त्यावर तासभर वाद झाला. सांडवा सुटला तर पाणी तिथूनच जाणार. पोती टाका म्हणणाराच शेवटी गप्प झाला. त्याच्या चुलत्याचं घर तिथेच आहे.

भरावावर हातभर उंचीची बाभळीची रोपं आलीत. रविवारी ती मुळासकट उपटायला जायचंय. तोही येतोय.