टिश्यू कल्चरच्या उसाबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

ग्रुपवर फिरतंय की टिश्यू कल्चरचा (लॅबमध्ये उसाच्या छोट्या तुकड्यापासून रोपं करून लावलेला) ऊस तणनाशकावर वाढवतात, तो जीएम (जीन बदललेला) असतो, त्याचा रस पिऊ नका. मी याच कामात आहे म्हणून नीट सांगतो.

लॅबमध्ये २,४-डी वापरतात हे खरंय, आणि तेच रसायन शेतात रुंद पानांच्या तणावर मारतात हेही खरंय. पण ते ऑक्सिनसारखं, म्हणजे झाडातल्या वाढीच्या हार्मोनसारखं काम करणारं रसायन आहे, सगळा खेळ मात्रेचा. शेंड्याची कोवळ्या पानांची सुरळी सोलून तिच्या पातळ चकत्या मीडियावर (बाटलीतल्या पोषक मिश्रणावर) ठेवतात, त्यात लिटरला साधारण ३ मिलिग्रॅम २,४-डी, बाटल्या अंधारात, मग काही आठवड्यांत कडेला पांढरट-पिवळसर दाणेदार गाठी येतात, तोच कॅलस. कोंब हवे असतील तर २,४-डी काढावंच लागतं, ते असेपर्यंत नुसत्या गाठीच वाढतात!

आणि शेतकऱ्याला मिळणारी रोपं बहुतेक कॅलसची नसतातच, कॅलसमधून वेगळ्या गुणांची रोपं निघू शकतात म्हणून शेंड्यातला वाढबिंदू घेतात. जीएमचा तर संबंधच नाही, बाहेरचा जीन घातलेलाच नसतो, को ८६०३२ या जातीचं रोप को ८६०३२ च राहतं. शिवाय या रोपांचं पिढीमागून पिढी आधी मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित बेणं (लागवडीचा ऊस) होतं, त्यानंतरचा ऊस गाळपाला जातो, म्हणजे लॅबमधलं रोप थेट रसाला जात नाही.

घाबरून बेणं बदलायचं सोडलं तर गवताळ वाढ आणि खोडवा खुजा हे बेण्यातून पसरणारे उसाचे रोग वाढतात, नुकसान आपलंच. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.